भानुमतीच्या काचपेटीतला बिनतिकिट्या

भानुमती डबीर रागीट आहे, हे नर्मदेजवळच्या गढा वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला तिच्या दाराशी माप जरा उतू जाईल असंच ओतायचा. नळावर तिची बादली आली की बायका आपणहून बाजूला व्हायच्या. छत्तिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे विचारायची हिंमत आई गेल्यापासून कुणी केली नव्हती. ती फॅक्टरीत तपासणीच्या खोलीत होती. तोफगोळ्यांच्या फ्यूजचे पितळी भाग गेजच्या मापात बसतात का ते बघायचे, बरोबर ते इकडे, चुकलेले तिकडे. दिवसभर अंगठा आणि तर्जनी यांच्यातच तिचं सगळं काम.

घरी वडील होते. त्यांना सगळे भय्यासाहेब म्हणायचे, तीही तेच म्हणायची. तारऑफिसातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडून असायचे. भानुमती पहाटे त्यांचं सगळं आवरायची आणि सायकलनं फॅक्टरीत जायची. दिवसा शेजारची बेबी येऊन त्यांना भात भरवायची, कूस बदलून द्यायची. बेबीचं माहेर जवळच्याच पाटण गावचं. बाई मऊ स्वभावाची, आणि भानुमतीच्या बोलण्याचं वाईट वाटून न घेणारी अशी ती गल्लीत एकटीच.

धाकटा भाऊ रत्नाकर नौदलात होता, मुंबईला. वर्षातून एकदा रजेवर यायचा, भय्यासाहेबांचे पाय दाबायचा, गल्लीतल्या लोकांना जहाजाच्या गोष्टी सांगायचा आणि निघून जायचा. तो गेल्यावर आठवडाभर सगळे म्हणायचे, काय गुणी मुलगा आहे.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो आला तो टांगा भरून सामान घेऊन. पत्र्याच्या चौकटीत बसवलेली काचेची पेटी, दोन हात लांबीची. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक भोकाभोकांचा दगड, आणि डब्यात बोटभर लांबीचे दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे, काही शंख, आणि एका छोट्या दगडाला चिकटलेलं जिवंत फूल. त्या फुलाला झिरमिळ्या होत्या, आणि बोट लावलं की ते मिटायचं.

डबीरांचे पूर्वज सुभेदाराच्या चाकरीत कोकणातून इकडे आले, ही गोष्ट भय्यासाहेब मुलांना नेहमी सांगत. पण त्यानंतर घरातल्या कुणी समुद्र पाहिला नव्हता. रत्नाकरनं पाहिला तो पहिला. आता भय्यासाहेब काही मुंबईला जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यानं समुद्र घरी आणला. पलंगाच्या डाव्या हाताला, जिकडे त्यांना मान वळवता यायची तिकडे, त्यानं टेबलावर पेटी मांडली. हवेचा छोटा पंप लावला, वर बल्ब टांगला. भय्यासाहेब बघतच राहिले. त्यांच्या तोंडातून लाळ आली ती पुसायचंही भान कुणाला नव्हतं. गल्ली दारात गोळा झाली होती. कुणीतरी म्हणालं, "लो, आ गया भानुमती का पिटारा," आणि जादूगारणीच्या पोतडीला हिंदीत तिचंच नाव असतं म्हणून सगळे हसले. भानुमती सोडून.

जायच्या आदल्या दिवशी रत्नाकरनं तिला सगळं समजावलं. पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, खूण केली आहे तिथपर्यंत. बारीक झिंगे चिरून घालायचे, उरलेलं काढायचं. काच आतून पुसायची. वीज गेली तर पाणी हातानं ढवळत राहायचं.

"कोणी?" भानुमतीनं विचारलं.

"तूच ना ताई, अजून कोण आहे," तो म्हणाला, आणि ट्रंक बांधायला लागला.

ज्या घरात कधी अंडं आलं नव्हतं त्या घरातली भानुमती त्या दिवसापासून मासळीबाजारात जायला लागली. नर्मदेतले झिंगे नाक दाबून घ्यायची, अंगणात वेगळ्या विळीवर चिरायची, मग आंघोळ करायची. रत्नाकरच्या नावानं दात-ओठ खायची. पण भय्यासाहेब रोज सकाळी डोळे उघडले की आधी डावीकडे बघायचे, हे तिला दिसत होतं. झटका आल्यापासून त्यांनी कशातच जीव लावला नव्हता. म्हणून ती करत राहिली.

पावसाळा सरता सरता पेटीत काहीतरी बिघडलं. आधी शंख मेले. मेले म्हणजे नुसते रिकामे झाले नाहीत, फुटले. कुणीतरी अडकित्त्यात धरून फोडल्यासारखे तुकडे तळाशी पडलेले असायचे. मग दोनातला एक मासा नाहीसा झाला. वर तरंगत नव्हता, खाली पडलेला नव्हता, नव्हताच.

भय्यासाहेब तिला काही सांगू बघत होते. डावा हात पेटीकडे करून म्हणायचे, "टक्. टक्." भानुमतीला वाटलं, तारऑफिसातली खटखट त्यांच्या डोक्यात उलटून आली. तिनं डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, असं होतं कधीकधी.

मग दुसराही मासा गेला, आणि त्या दिवशी संध्याकाळी बेबीचं मांजर पेटीशेजारी खुर्चीवर बसलेलं तिनं पाहिलं.

फॅक्टरीत तेव्हा कामाचा रेटा वाढला होता. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. लढाई होणार हे सगळे जाणत होते, आणि बारा-बारा तास गेज धरून तिची बोटं आखडलेली असायची. ती तशीच बेबीच्या दारात गेली आणि सगळ्या गल्लीसमोर नाही नाही ते बोलली. मांजराला बोलली, बेबीच्या निष्काळजीपणाला बोलली, आणि शेवटी म्हणाली की म्हाताऱ्याला भात भरवायचं निमित्त करून फुकट पंख्याखाली बसायला येता. बेबीनं मांजर उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

भानुमतीनं माफी मागितली नाही. ती दुपारच्या सुट्टीत सायकल हाणत घरी यायची, भय्यासाहेबांना चार घास कोंबायची आणि परत जायची. दोनदा उशीर झाला म्हणून सेक्शनच्या साहेबांनी तिला उभं करून झापलं. तो रागही तिनं घरी आणला. भय्यासाहेबांचं अंग पुसताना तिचा हात आता जोरात चालायचा. ते डोळे मिटून घ्यायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती त्यांच्या पलंगाशी भाजी निवडत बसली होती, आणि तिलाच ऐकू आलं. टक्. काचेवर खडा मारावा तसं. तिनं मान वर केली. भय्यासाहेब तिच्याकडेच बघत होते. दगडाच्या एका भोकातून देठावर बसवलेले दोन डोळे बाहेर आले होते. एक डोळा तिच्याकडे फिरला, दुसरा भलतीकडेच. मागोमाग अंग बाहेर आलं, बोटाएवढं, शेवाळी रंगाचं. झिंगा म्हणावा तर झिंगा नाही, गोम म्हणावी तर गोम नाही, आणि पुढचे दोन हात छातीशी दुमडलेले. एक शेवटचा शंख काचेला धरून होता. त्या प्राण्यानं हात उगारला तो दिसलाही नाही, फक्त टक् झालं आणि शंखाचा टवका उडाला.

म्हणजे हा दगडातून आला होता. मुंबईपासून गोणपाटात गुंडाळून, रत्नाकरच्या मांडीवर बसून, कुणाला न सांगता. आणि भय्यासाहेब महिनाभर खरं सांगत होते.

"बिनतिकिट्या," भानुमती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. भाजी तशीच टाकून ती उठली.

आधी तिनं आकड्यानं त्याला भोकातून ओढून बघितलं. तो आत सरकला. मग बाटलीत झिंग्याचा तुकडा ठेवून सापळा लावला. त्यात एक लाल, काटेरी केसांची अळी आली, तो आला नाही. पुढचे काही दिवस फॅक्टरीतून आली की चप्पलही न काढता ती पेटीसमोर बसायची. जितकं बघावं तितकं तिला जास्त दिसायला लागलं. दगडाच्या पाठीमागे मसुरीएवढे खेकडे होते. काचेच्या कोपऱ्यात तपकिरी झिरमिळ्यांची भलतीच फुलं उगवून राहिली होती, एक खरवडलं की त्याच्या जागी चार. यातलं काहीच कुणी मागवलेलं नव्हतं. सगळ्यांनी घर धरलं होतं आणि सगळ्यांचं करायला ती होती.

लढाई सुरू झाली त्या आठवड्यात तिनं निकाल लावायचं ठरवलं. संध्याकाळी दिवे लावायची बंदी होती, खिडक्यांना काळे कागद लागले होते, म्हणून सकाळीच, फॅक्टरीत जायच्या आधी, तिनं बाही वर करून तो दगडच पेटीबाहेर काढला आणि गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला. खाऱ्या पाण्यातल्यांना गोडं पाणी सोसायचं नाही एवढं तिला कळत होतं. झालंही तसंच. अळ्या वळवळत बाहेर पडल्या. खेकडे पडले. ती एकेकाला चिमट्यानं उचलून मोरीत फेकत होती आणि बोलत होती, कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. सर्वांत शेवटी तो बाहेर आला, उलटासुलटा होत. तिनं चिमटा टाकून दिला आणि त्याला सरळ मुठीत धरलं.

टक्.

अंगठ्याचं नख मधोमध चिरलं आणि रक्ताची धार बादलीत पडली. भानुमतीनं दुसऱ्या हातानं बत्ता उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मारू नको."

झटका आल्यापासून भय्यासाहेबांच्या तोंडून दोन शब्द एकत्र आले नव्हते. ती बत्ता धरून तशीच उभी राहिली. बादलीत तो प्राणी मंद होत चालला होता.

"काहून नको?" ती ओरडली. "मासे खाल्ले यानं. शंख खाल्ले. माझा हात फोडला. काहून नको, सांगा ना."

भय्यासाहेबांना ते सांगता येईना. ओठ हलत होते, घशातून नुसता घोगरा सूर येत होता, आणि डोळ्यांतून पाणी. भानुमतीनं बत्ता जमिनीवर आपटला. मग तिनं एनॅमलच्या पातेल्यात पेटीतलं खारं पाणी घेतलं, त्याला पळीनं उचलून त्यात टाकलं आणि वर ताट झाकलं. अंगठ्याला फडकं गुंडाळून ती कामावर गेली.

फॅक्टरीत गेज धरवेना. सेक्शनच्या साहेबांनी काय झालं ते विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. साहेब शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "देश में जंग चल रही है और मैडम को झिंगे ने घायल कर दिया." सगळी खोली हसली. भानुमतीनं तो दिवस डाव्या हातानं काढला. रात्रीतून अंगठा वांग्यासारखा सुजला. डॉक्टरांनी चिरा दिला आणि पू काढला. हात गळ्यात बांधून घरी बसायला सांगितलं. सगळी फॅक्टरी रात्रंदिवस चालत होती, रेडिओवर बातम्या चालत होत्या, रत्नाकरच्या जहाजाची काही खबर नव्हती, आणि ती एक हात बांधून पुढच्या खोलीत बसली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बेबी आली. कुणी बोलावलं नव्हतं. दारातून थेट आत आली, चूल पेटवली, भात टाकला, भय्यासाहेबांची चादर बदलली. भानुमती बघत होती.

"मांजराचं काही चुकलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"मालूम आहे मला," बेबी म्हणाली.

"तुझंही."

बेबीनं मान हलवली आणि भाताला वाफ आली का ते बघायला गेली. त्यांच्यात त्या विषयावर पुढे कधीच बोलणं झालं नाही.

पातेलं भय्यासाहेबांच्या उशाशी स्टुलावर असायचं. भानुमतीनं ताट काढलं की ते मान उचलून आत बघायचे. त्यांनी तिला डाव्या हाताच्या खुणांनी आणि तुटक्या शब्दांनी हळूहळू सांगितलं. दिवसभर पडून ते त्यालाच बघत होते. मासे सुंदर होते, पण ते नुसते फिरायचे. हा आपलं भोक साफ करायचा. वाळूचा कण कण बाहेर आणून टाकायचा. रोज. एवढं सांगायला त्यांना दोन दिवस लागले, आणि भानुमतीनं ते ऐकून घेतलं, कारण तिला जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. ती डाव्या हातानं त्याला झिंग्याचे तुकडे टाकायची. प्रेमानं नाही. मर मेल्या, खा, असं म्हणून.

लढाई संपली. रत्नाकर जिवंत होता. फेब्रुवारीत तो रजेवर आला तेव्हा भानुमती पुन्हा कामावर जात होती, अंगठा जाड आणि वाकडा झालेला. गल्लीनं त्याला हार घातला. घरात आल्यावर त्यानं माशांवाचून रिकामी पेटी पाहिली, पातेलं पाहिलं, सगळी हकिकत ऐकली आणि हसला.

"इतकंच ना? अगं, दगडात असं काहीबाही येतंच. फेकून द्यायचं होतं की. मी दुसरे मासे आणतो ना पुढच्या खेपेला."

भानुमती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. या वेळी ती ओरडली नाही, म्हणून रत्नाकर घाबरला, असं तो स्वतःच पुढे सांगायचा.

"दुसरे मासे," ती म्हणाली. "तू आणशील, लोक टाळ्या वाजवतील, तू जाशील. मग मी झिंगे चिरीन. भय्यासाहेबांनी समुद्र पाहिला नाही म्हणून तुला वाईट वाटलं. चांगलं केलंस. मी पाहिला का रे?"

रत्नाकरनं गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला.

"इतकी वर्षं तू तिथं राहून राहिला. एकदा तरी म्हणालास, ताई, तू ये? मला कोणी विचारलं? मी या घरातली पेटी आहे का, ज्याला जे पाहिजे ते आणून माझ्यात सोडतो?"

तिनं हात धुतले. मग ती पुढच्या खोलीत गेली आणि भय्यासाहेबांना म्हणाली की मी मुंबईला जाते, रत्नाकर तुमचं सगळं करील, त्याला शिकवा. भय्यासाहेबांनी डावा हात वर केला. रत्नाकर म्हणाला, मला नाही जमणार एकट्याला, कूस कशी बदलायची तेही मला ठाऊक नाही. भानुमती म्हणाली, मलाही नव्हतं.

बिनतिकिट्याला तिनं मोठ्या तोंडाच्या पितळी डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली. सबंध प्रवासात डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईनं विचारलं की प्रसाद आहे का. ती म्हणाली, नाही, चोर आहे.

मुंबईत लांबची मावसबहीण हेमलता होती. तिला देवळं आणि दुकानं दाखवायची होती. भानुमतीनं सांगितलं, मला आधी खडकांचा किनारा दाखव, मग तू म्हणशील तिथं येते. दोघी गेल्या. आणि समुद्र नव्हता. काळे, शेवाळलेले खडक, चिखल, सडक्या मासळीचा वास, आणि पाणी दूर कुठेतरी, चंदेरी रेघेसारखं. भानुमतीला इतका संताप आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदा आली ती, आणि हा घरी नाही. खडकांवर कालवं फोडत बसलेल्या एका कोळणीला तिनं रागानं विचारलं, हे काय आहे? कोळणीनं वरही न बघता सांगितलं की ओहोटी आहे बाय, संध्याकाळच्याला येतोय, बस.

हेमलता कंटाळून रस्त्यावर सावलीत जाऊन बसली. भानुमती खडकांत उतरली. एका खोलगट जागी पाणी साठलेलं होतं, त्यात भोकाभोकांचा दगड होता, तसलाच. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा कलता केला. तो बाहेर आला, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवले, आणि एका भोकात शिरला. तिच्याकडे बघितलं वगैरे काही नाही. भानुमतीला हे अपेक्षितच होतं. तरी ती थोडा वेळ थांबली. मग आतून वाळूचा एक कण बाहेर आला, आणि दुसरा.

ती वर येऊन खडकावर बसली. पाणी दुपार कलल्यावर यायला लागलं. हळूहळू, काही घाई नसल्यासारखं. आधी चिखल भरला, मग खाचा, मग ती खोलगट जागा दिसेनाशी झाली. पाणी तिच्या टाचांना लागलं. हेमलता रस्त्यावरून हाका मारत होती, साडी भिजेल, साडी भिजेल. भानुमतीनं हात उंचावून तिला गप्प राहायची खूण केली आणि तिथंच बसली, गुडघ्यापर्यंत पाणी येईपर्यंत.

घरी परतली तेव्हा रत्नाकरची दाढी वाढलेली होती आणि तो बेबीकडून पेज कशी पातळ करायची ते शिकत होता. तिला बघून तो आपणहून बादली उचलून नळावर गेला. भय्यासाहेबांनी डोळ्यांनीच विचारलं. भानुमती पलंगाच्या कडेला बसली.

"वास येतो," ती म्हणाली. "चिखल आहे. आणि वेळेवर तर येतच नाही."

भय्यासाहेब वाट बघत होते.

"मोठा आहे पण," ती म्हणाली, आणि मग अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.